खाली फेरीचा हिशोब: समृद्धीवर एकही पंप नसता तर?

३ ऑगस्ट २०२५, रविवार

पोरानं शिकवणीतून एक कोडं आणलं आणि दुपारपासून घरात दुसरा विषय नाही. कोडं असं, की गाडीत एका वेळी एकच टाकी डिझेल मावतं, वेगळा ड्रम वगैरे काही नेता येत नाही. घरी दोन टाक्या डिझेल आहे. पुढे रस्त्यात पंप नाही. पण वाटेत कुठंही थांबून टाकीतलं थोडं डिझेल डब्यात काढून ठेवता येतं, मागे येऊन पुन्हा टाकी भरून निघता येतं, आणि जाताना तो डबा टाकीत ओतून घेता येतो. परत यायची गरज नाही. तर जास्तीत जास्त किती लांब जाता येईल?

मी पटकन म्हणालो दीड टाकीचं अंतर, अर्ध्यात डबा ठेवायचा. पोरगा म्हणे अर्ध्यात पोचेपर्यंत अर्धी टाकी संपली, परत यायला अर्धी लागेल, मग डब्यात ठेवणार काय? बरोबरच होतं त्याचं. मग एक तृतीयांशावर ठेवू, एक चतुर्थांशावर ठेवू असं चाललं आणि कागद भरत गेला.

बाबा दिवाणावर पडून ऐकत होते. त्यांनी ३१ वर्षं ट्रक चालवला, बहुतेक सगळा नागपूर-जबलपूर लाइनवर. झिरो माईलच्या दगडावर जबलपूर १७० मैल कोरलेलं आहे, तो आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता तो त्यांच्यामुळेच. ते उठून बसले आणि कुरई घाटातली गोष्ट सांगितली. मी लहान असतानाची आहे, गाडीचा काटा अडकून बसला होता, टाकीत आहे असं दाखवत राहिला आणि घाटात डिझेल संपलं, रात्रीची वेळ. मागून ओळखीची एक गाडी आली, त्या ड्रायव्हरनं आपली गाडी वळवून ८ किलोमीटर मागे जाऊन १० लिटर आणून दिलं. लिटरला ४ किलोमीटरची गाडी, म्हणजे जाऊन येऊन ४ लिटर त्याचंच गेलं. बाबा म्हणाले, "डिझेल आनाले डिझेलच जयते बाबू. आन् मंधातली खाली फेरी कोनीच भरून देत नाही."

खाली फेरी म्हणजे रिकामी फेरी. हे वाक्य मी लिहून ठेवलं कारण मला वाटते सगळं कोडं ह्याच्यातच आहे. आता नीट सोडवायचं ठरवलं आहे, जमेल तशी नोंद ठेवतो.

५ ऑगस्ट

कागदावर पोराला कंटाळा येऊन राहिला होता म्हणून फरशीवर मांडलं. त्याचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात तो, लाकडी नंदी काढला, चाकं अजून छान फिरतात, फक्त एका शिंगाचा रंग गेला आहे. नंदी म्हणजे गाडी. डिझेल म्हणून तुरीचे दाणे, पाठीवर काडेपेटीचं खोकं रबरनं बांधलं, त्यात १५ दाणे मावतात असं धरलं. एक फरशी पुढे किंवा मागे सरकली की खोक्यातून एक दाणा काढून वाटीत टाकायचा. हॉलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मोजून २६ फरश्या आहेत, पुरेशा झाल्या.

३० दाणे घेऊन सुरू केलं. पोरानं पहिला साठा सातव्या फरशीवर केला. जाताना ७ गेले, यायला ७ ठेवले, साठ्यात राहिला १ दाणा. दुसऱ्या फेरीत सातवर पोचला तेव्हा खोक्यात ८, त्यात तो १ घातला, ९ झाले, नंदी सोळाव्या फरशीवर थांबला. इतकी मेहनत करून सरळ जाण्यापेक्षा एकच फरशी जास्त. मग सहावर साठा केला, १८ फरश्या. मग त्याला वाटलं जितकं जवळ तितकं चांगलं, म्हणून चारवर. तिथं ७ दाणे ठेवता आले, पण दुसऱ्यांदा पोचला तेव्हा खोक्यात ११ होते आणि ११ मधे ७ मिळवले तर १८, खोकं १५ चं. ३ दाणे फरशीवरच राहिले. पोचला १९ वर.

ते उरलेले ३ दाणे पोरगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाबा, म्हणजे उचलताना खोकं काठोकाठ भरलं पाहिजे, कमी पण नाही आन् जास्त पण नाही." पाचवर साठा केला. ५ दाणे ठेवले, परत आला, दुसऱ्यांदा पाचवर पोचला तेव्हा १० शिल्लक, त्यात ५, बरोब्बर १५. नंदी विसाव्या फरशीवर गेला. म्हणजे दोन टाक्यांत एक पूर्णांक एक तृतीयांश टाकीचं अंतर. सहावीतल्या पोरानं हे स्वतःच्या हातानं काढलं ह्याचा मला खूप आनंद झाला.

९ ऑगस्ट, राखी

ताई आली होती, जेवणं उशिरा झाली. रात्री ४५ दाण्यांवर बसलो, म्हणजे तीन टाक्या.

माझी चूक इथं झाली. मला वाटलं दोन टाक्यांना पाच फरश्या लागल्या तर तिसरीलाही पाचवरच साठा करू आणि पुढे परत तसंच. पहिल्या दोन फेऱ्यांत पाचवर ५-५ ठेवले, तिसऱ्यांदा १० घेऊन पोचलो, एकूण २० दाणे. पण २० दाण्यात पुढचं काही जमत नाही, पुढे दोन टाक्यांचा खेळ खेळायला ३० पाहिजेत. कसंबसं एक फरशी पुढे ओढलं आणि २१ वर संपलं. ४५ दाणे जाळून आधीपेक्षा एकच फरशी जास्त, हे खरं असूच शकत नाही असं वाटत राहिलं.

ताईनं राखीचं ताट आवरता आवरता विचारलं, की दोन टाक्यांचं तर तुम्हाला येतेच ना, मग तीन टाक्यांतून दोन टाक्या कुठपर्यंत नेता येतात तेवढंच शोधा. ती बँकेत कॅशला आहे, तिची हिशोबाची सवयच अशी, शेवटची शिल्लक आधी धरायची आणि मागे यायचं.

तसं केलं. ४५ चे ३० उरेपर्यंत सगळा माल पुढे सरकवायचा. तीन खोकी पुढे न्यायची म्हणजे तीनदा जाणं आणि दोनदा येणं, एका फरशीला ५ दाणे. १५ दाणे खर्चायचे तर ३ फरश्या. मांडून पाहिलं, तिसऱ्या फरशीवर पहिल्या दोन फेऱ्यांत ९-९ ठेवले, तिसऱ्यांदा १२ घेऊन पोचलो, बरोब्बर ३०. तिथून पुढे आधीचेच २०. एकूण २३ फरश्या. रात्री पावणेबारा वाजले होते पण झोप आली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी खडूनं फरशीवर रेघा मारल्या आणि एक गोष्ट दिसली जी काल मांडताना दिसली नव्हती. शेवटच्या १५ फरश्यांवरून गाडी एकदाच जाते, १५ दाणे. त्याच्या आधीच्या ५ फरश्यांवरून तीनदा, १५ दाणे. त्याच्या आधीच्या ३ फरश्यांवरून पाचदा, पुन्हा १५ दाणे. प्रत्येक टप्पा बरोब्बर एक टाकी खातो! टप्पा लहान होत जातो कारण त्याच्यावरच्या फेऱ्या वाढत जातात, १, ३, ५, ७, ९, अशा. म्हणून एकूण अंतर १ + १/३ + १/५ + १/७ असं वाढत जाते, जितक्या टाक्या तितकी पदं.

चौथी टाकी मांडली तेव्हा १५ ला ७ नं भाग जात नाही म्हणून एक दाणा उरला आणि २५ फरश्यांवर थांबलो, हिशोबानं २५ आणि एक सातवा भाग यायला पाहिजे. दाणा मोडता येत नाही एवढीच अडचण.

याहून जास्त जाताच येत नाही हे पटायला मला अर्धा दिवस लागला. आता असं मांडतो. रस्त्यावरची कुठलीही एक फरशी धरा. तिच्या पुढे जे काही डिझेल जळणार आहे ते सगळं तिच्यावरूनच न्यायला लागेल, दुसरा रस्ता नाही. गाडीत मावते एक टाकी. पुढे एका टाकीपेक्षा थोडंही जास्त लागणार असेल तर दोनदा पुढे जावंच लागते, आणि दोनदा पुढे जायचं तर मधे एकदा मागे यावंच लागते, झाल्या तीन. दोन टाक्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर तीनदा पुढे, दोनदा मागे, पाच. याहून कमी फेऱ्यांत कोणाचंच भागणार नाही, मग तो साठे कुठंही करो, दोन करो का दोनशे करो. आणि आमच्या रेघांमधे फेऱ्या बरोब्बर तेवढ्याच आहेत, एकही जास्तीची नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हाव, खाली फेरी तेवढीच मार जेवढी मारल्याबिगर भागत नाही. ट्रान्सपोर्टवाला हेच तर सांगते."

१५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदन करून आल्यावर एक्सेल उघडलं. फरश्या पुरे, आता खरा रस्ता घ्यायचा होता. पोरगा म्हणे समृद्धी घ्या. नागपूरच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमनेपर्यंत ७०१ किलोमीटर, जूनमधेच शेवटचा इगतपुरी-आमने टप्पा उघडला. हे फक्त कोडं म्हणून धरायचं, महामार्गावर कोणी डबे ठेवायचे नाहीत हे पोराला आधी नीट बजावलं.

गाडी धरली २० लिटर टाकीची, लिटरला १५ किलोमीटर, म्हणजे एका टाकीत ३०० किलोमीटर. सरळ हिशोबानं ७०१ ला पावणेसत्तेचाळीस लिटर लागतात. पण टाकी तेवढी नाही आणि पंप नाही.

एक टाकी ३००. दोन टाक्या ४००. तीन ४६०. इथपर्यंत पोरगा खुश होता. मग चार टाक्यांना ५०३ च झाले, पाचला ५३६, म्हणजे शिर्डीचे ५२० किलोमीटर व्हायलाच पाच टाक्या उघडाव्या लागतात, ज्या टप्प्याचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मधे झालं तेवढ्यालाच. आठला ६०७. दहाला ६४०. एकेक टाकी ओतायची आणि रस्ता पुढे सरकायचा १२ किलोमीटर, ११ किलोमीटर. पंधराव्या टाकीला एक्सेलनं आकडा दिला ७००.७६.

मला वाटलं सूत्र चुकलं, इतका जवळचा आकडा येतोच कसा. कॅल्क्युलेटरवर पुन्हा बेरीज केली, तेच. ३०० लिटर डिझेल घेऊन निघायचं आणि आमनेच्या अलीकडे साधारण २४० मीटरवर गाडी बंद पडणार.

१७ ऑगस्ट, रविवार

हे २४० मीटर डोक्यातून जात नव्हते. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर बाबांसोबत गल्लीच्या टोकापासून किराणा दुकानापर्यंत पावलं मोजत गेलो, माझी ३१८ झाली, म्हणजे तेवढंच अंतर. बाबा म्हणाले एवढं तर धक्का मारून नेऊ. कोड्यात धक्का चालत नाही.

मग ते २४० मीटर भरून काढायला किती डिझेल पाहिजे? शेवटी कमी पडलं म्हणून शेवटी वाढवून चालत नाही, शेवटची टाकी आधीच काठोकाठ भरलेली असते. वाढवायचं ते सुरुवातीलाच, सगळे साठे २४० मीटर पुढे सरकवायचे. आता घरी १५ टाक्यांपेक्षा किंचित जास्त डिझेल आहे म्हणून सुरुवातीच्या २४० मीटरवरून सोळा वेळा जाणं आणि पंधरा वेळा येणं, ३१ फेऱ्या. ३१ गुणिले २४० मीटर म्हणजे साधारण साडेसात किलोमीटर, म्हणजे अर्धा लिटर. एकूण साडेतीनशेही नाही, ३००.५ लिटर. आणि गाडी एकूण चालते साडेचार हजार किलोमीटर, ७०१ जाण्यासाठी.

अर्ध्या लिटरनं काम होते हे पाहून मी लगेच १००० किलोमीटरचं काढलं, वाटलं चारपाचशे लिटरमधे बसेल. ११० टाक्या पुरत नाहीत, एकशेअकरावी उघडावी लागते, २२०० लिटरच्या वर! एका टाकीचं अंतर वाढवायचं म्हटलं की डिझेल सुमारे ७.४ पट होते, दर वेळी. रॉकेटवाल्यांना इंधन उचलायलाच इंधन लागते, ते दुखणं आणि हे दुखणं सख्खे भाऊ आहेत. पण बेरीज कुठं थांबत मात्र नाही. आधी सगळ्या आकड्यांची बेरीज घ्या, १ + १/२ + १/३ + १/४ अशी. १/२ मग १/३ + १/४, मग १/५ ते १/८, असे गट पाडले तर प्रत्येक गट निदान अर्धा भरतो, म्हणून ती बेरीज कितीही मोठी होऊ शकते, हे चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या ओरेम यांनी दाखवलं होतं. आपली विषम आकड्यांची बेरीज त्याच्या अर्ध्यापेक्षा मोठीच असते. म्हणजे डिझेल असेल तर अंतराला मर्यादा नाही, हे मला अजूनही नवल वाटते.

१९ ऑगस्ट

ऑफिसातून आल्यावर जुनं शोधून वाचलं. हे कोडं गाड्यांच्या कितीतरी आधीचं आहे. अल्कुइन या जुन्या इंग्लिश विद्वानाच्या नावावर असलेल्या नवव्या शतकातल्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात ते उंटाचं आहे, ९० मापं धान्य, ३० कोस न्यायचं, उंट एका वेळी ३० मापं उचलतो आणि कोसाला एक माप खातो. तिथल्या उत्तरात विसाव्या कोसावर एकच साठा करून शेवटी २० मापं पोचतात, आणि परत येताना उंट काही खात नाही असं धरलेलं दिसते.

मी आपल्या पद्धतीनं केलं. खाली फेरी फुकट आहे म्हणून इथं ५, ३, १ नाही तर ३, २, १. पहिले १० कोस, कोसाला ३ मापं, ९० चे ६०. पुढचे १५ कोस, कोसाला २, ६० चे ३०. राहिले ५ कोस, २५ मापं पोचतात. ५ मापं जास्त. एकच साठा केला तिथंच ते धान्य गेलं. बाबांना हे फार आवडलं, उंटाची खाली फेरी फुकट म्हणून.

जीपच्या रूपात हे सगळं सिद्ध करून १९४७ साली एन. जे. फाइन यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत छापलं. आमचा फरशीवरचा हिशोब त्याच्याशी जुळतो हे पाहून बरं वाटलं.

२३ ऑगस्ट

आज मारबतीची मिरवणूक, नागपुरातल्या महालाकडे पाय ठेवायला जागा नव्हती. नंदी पोराला परत दिला, तान्ह्या पोळ्यात फिरवायला. शिंगाला सोनेरी रंग लावला त्यानं. काडेपेटी काढायची राहून गेली होती, पाठीवर तशीच घेऊन फिरला.

रात्री त्याला दक्षिण ध्रुवाचं सांगितलं. तिथं हेच कोडं लोकांनी जिवावर घेऊन सोडवलं. अमुंडसेन यांनी आधीच्या मोसमात ८०, ८१ आणि ८२ अंशांवर साठे करून ठेवले आणि १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचून सुखरूप परत आले. स्कॉट यांच्या लोकांना फेब्रुवारी १९११ मधे मोठा साठा ८० अंशांवर करायचा होता, पण घोडे थकले म्हणून तो अलीकडेच, ७९ अंश २९ मिनिटांवर करावा लागला. मार्च १९१२ मधे ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि दोन सोबती तंबूतच वारले, त्या साठ्यापासून ११ मैलांवर. पोरगा म्हणाला साठा ठरल्या जागी असता तर ते त्याच्यापर्यंत पोचले असते. मी हो म्हटलं, आणि मग बराच वेळ दोघंही गप्प होतो.

विमानांचंही आहे. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना लढाईत असेन्शन बेटावरून फॉकलंडच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला पहिल्या रात्री ११ व्हिक्टर टँकर विमानं उडाली, टँकरनं टँकरला हवेत भरत भरत नेलं, आणि बॉम्ब टाकायला पोचलं एकच व्हल्कन बॉम्बर विमान.

२४ ऑगस्ट, रविवार

बाबांनी सकाळीच विचारलं, "जाचं झालं, पन वापस याचं काय? गाडी का तिथंच सोडून देता?" हे आम्ही धरलंच नव्हतं. परत यायचं असेल तर शेवटच्या टप्प्यावरूनही दोनदा जावं लागते, म्हणून फेऱ्या २, ४, ६, ८ आणि अंतर १/२ + १/४ + १/६ असं. एका टाकीत १५० च किलोमीटर. आमनेला जाऊन शिवमडक्याला परत यायला ५९ टाक्या पुरत नाहीत, साठावी अर्ध्याहून जास्त लागते, सुमारे ११९२ लिटर. आणि परतीचं डिझेल जातानाच प्रत्येक साठ्यावर राखून ठेवायला लागते, त्याला कितीही भूक लागली तरी हात लावायचा नाही. बाबा म्हणाले हे खरं ड्रायव्हरचं गणित आहे, जाचं कोनीही जाते.

दुपारी एकेरी प्रवासाची साठ्यांची यादी काढली. बाबांनी ती आपल्या जुन्या ट्रिपच्या वहीत उतरवून घेतली, चष्मा नाकावर ओढून, एकेक आकडा मला पुन्हा विचारत. शिवमडक्यापासून ०.२४, १०.५८, २१.६९, ३३.६९, ४६.७४, ६१.०२, ७६.८१, ९४.४६, ११४.४६, १३७.५४, १६४.८१, १९८.१४, २४१, ३०१ आणि ४०१ किलोमीटर. पंधरा साठे. सुरुवातीला दाटीवाटीनं आणि मग एकेक लांब लांब. ४०१ पुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "टाकी फुल. इथून पुढे खाली फेरी नाही."